रिव्हॉल्व्हरचं काडतूस, रायफलची नळी: लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी अचूक लोड कसं शोधायचं

१८७३ साली विंचेस्टर कंपनीने .४४-४० काडतुसाची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल बाजारात आणली, म्हणजे चापाजवळची लिव्हर खाली-वर केली की पुढचं काडतूस चढतं अशी रायफल. काही वर्षांतच कोल्टने त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. घोड्यावरून हिंडणाऱ्या माणसाला कमरेच्या आणि खोगिरावरच्या हत्यारासाठी काडतुसांची एकच थैली पुरायला लागली. ही सोय अमेरिकेत आजही लोकांना हवीशी वाटते, फक्त काडतुसं बदलली आहेत. आता .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम आणि .४५ कोल्ट यांची चलती आहे. काउबॉय पद्धतीच्या नेमबाजी स्पर्धांमुळे या रायफलींना मागणी आलीच. शिवाय ओहायोसारख्या राज्याने २०१४ पासून हरणाच्या शिकारीसाठी सरळ, म्हणजे तोंडाशी निमुळती न होणाऱ्या, पुंगळीच्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी दिली, त्यामुळे शिकारीही त्यांच्याकडे वळले.

अशी रायफल घेतलेल्या जवळपास प्रत्येकाची पहिली तक्रार सारखीच असते: रिव्हॉल्व्हरमधून छान लागणारं काडतूस रायफलीतून विखुरतं. मग तो घरी काडतुसं भरायला लागतो, वेगवेगळी दारू आणतो, दाण्या-दाण्याने माप बदलत बसतो. माझं ठाम मत असं की ही सुरुवातच उलटी आहे. या रायफलींत दारूचं माप बरंच नंतर येतं. आधी गोळी आणि नळी एकमेकांना बसतात का ते पाहायला हवं.

पुढे जाण्याआधी एक स्पष्ट करतो. घरी काडतुसं भरणं हा अमेरिकेत कायदेशीर छंद आहे. भारतात तसं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. तेव्हा हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, तिथले नियम पाळून हा छंद करणाऱ्या मराठी माणसांसाठी, आणि यामागचं शास्त्र समजून घ्यायची इच्छा असलेल्या कुणाहीसाठी आहे. दारूची मापं मी मुद्दाम देत नाही. ती दारूच्या आणि गोळ्यांच्या कंपन्यांनी छापलेल्या ताज्या मॅन्युअलमधूनच घ्यायची असतात.

काडतुसात चारच गोष्टी असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, दारू आणि गोळी. वापरलेली पुंगळी साफ करून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची, गोळी बसवायची आणि पुंगळीची कड गोळीवर वळवून आवळायची. या आवळण्याला क्रिंप म्हणतात. गोळी, दारू आणि तिचं माप यांच्या ठरलेल्या जुळणीला लोड म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, आणि काम म्हणून ते खरंच सोपं आहे. नेम कुठे हुकतो हे समजायला मात्र रायफलीच्या आत डोकवावं लागतं.

आधी नळी मोजा

नळीच्या आत सर्पिल खाचा असतात, त्या गोळीला फिरवतात. दोन समोरासमोरच्या खाचांच्या तळांमधलं अंतर म्हणजे खाच-व्यास. गोळी या व्यासाला भरून उरली पाहिजे. .४४ मॅग्नममध्ये गोची इथेच होते. रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेल्या तांब्याच्या कवचाच्या गोळ्या ०.४२९ ते ०.४३० इंचाच्या असतात, आणि बऱ्याच .४४ रायफलींचा खाच-व्यास ०.४३१ इंच किंवा त्याहून थोडा जास्त निघतो. कवचाची गोळी मॅग्नमच्या दाबाने थोडी फुगून जमवून घेते. शिशाची गोळी लहान पडली तर तिच्या कडेने जळता वायू पुढे निसटतो, शिसं वितळवून नळीला फासतो, आणि दहाव्या-पंधराव्या गोळीपर्यंत नेम पार बिघडतो. लोक म्हणतात, ‘ही रायफल शिशाच्या गोळ्या खात नाही.’ तिला योग्य मापाची गोळी मिळालेलीच नसते.

माप घ्यायची रीत जुनी आणि स्वस्त आहे. रायफल रिकामी आहे, मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवायच्या, नळीतही काडतूस नाही, याची दोनदा खात्री करायची. लिव्हर उघडी ठेवायची. नळीला आतून तेलाचा पातळ हात द्यायचा. नळीपेक्षा किंचित जाड असा शुद्ध मऊ शिशाचा तुकडा घ्यायचा. मासेमारीच्या गळाला लावतात ते अंडाकार शिसंही चालतं. तो नळीच्या तोंडाशी ठेवून नायलॉनच्या हातोडीने ठोकून आत बसवायचा आणि जाड पितळी दांड्याने पुढे सरकवत न्यायचा. लाकडी दांडा टाळावा, तो तिरका चिरतो आणि पाचरीसारखा नळीत अडकून बसतो. सुरुवातीला जोर लागतो, मग तुकडा एकसारखा सरकतो. सरकताना हाताला काय जाणवतं याकडे लक्ष ठेवायचं. लिव्हर-अ‍ॅक्शनच्या नळीवर मागच्या साइटसाठी (नेम धरायच्या खुणेसाठी) खाच कापलेली असते, त्या जागेखाली नळी कधीकधी आवळलेली असते. तिथे तुकडा अडखळला तर शिशाच्या गोळ्यांना त्रास होणार हे आधीच कळतं, कारण आवळलेल्या जागेतून बारीक होऊन निघालेली गोळी पुढच्या भागात सैल पडते.

बाहेर आलेल्या तुकड्यावर खाचांचे ठसे उमटलेले असतात. त्यातले सर्वांत उंच भाग मायक्रोमीटरने मोजायचे. व्हर्नियर कॅलिपर इथे पुरत नाही, कारण प्रश्न इंचाच्या हजाराव्या भागाचा असतो. शिशाची गोळी या मापापेक्षा एक-दोन हजारांश इंच मोठी घ्यायची. जुन्या मार्लिन रायफलींत उथळ आणि जास्त संख्येने खाचा असत, त्यांना मायक्रो-ग्रूव्ह म्हणत. तिथे मोठ्या मापाकडे झुकलेलं बरं, कारण उथळ खाचांना पकडायला कमी मिळतं. मर्यादा एकच: जाड गोळी घातलेलं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतूस बसायच्या जागेत, मोकळेपणी जायला हवं. जोर लावून लिव्हर मिटवायची वेळ आली तर माप चुकलं.

पिळाचा हिशेब

खाचा किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, तो नळीचा पीळ. भोवरा जोरात फिरतो तोवर उभा राहतो, गती कमी झाली की डगमगतो. गोळीचंही तसंच आहे. लांब गोळीला जास्त जोराच्या फिरकीची गरज असते. वजनापेक्षा इथे लांबी महत्त्वाची, पण एकाच जाडीच्या गोळीचं वजन वाढवायचं तर लांबी वाढवावीच लागते.

१८७९ मध्ये इंग्लंडमधल्या वुलिचच्या तोफखाना महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी यासाठी एक सुटसुटीत सूत्र काढलं. ते आजही कागदावरच्या पहिल्या अंदाजाला पुरतं. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा आणि नळीच्या पिळाने भागा. सगळी मापं इंचात. उत्तर येतं ते त्या नळीला झेपणारी गोळीची लांबी.

जुन्या मार्लिन १८९४ चं उदाहरण घेऊ. .४४ मॅग्नममध्ये तिचा पीळ ३८ इंचांत एक फेरा असा होता. ०.४३ चा वर्ग ०.१८४९, गुणिले १५० म्हणजे सुमारे २७.७, भागिले ३८, उत्तर ०.७३ इंच. २४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं लहान एकक) चपट्या नाकाची गोळी साधारण याच लांबीच्या आसपास असते, म्हणजे कशीबशी आत बसते. ३०० ग्रेनची गोळी याच्या बाहेर जाते. आता रुगर कंपनीच्या ताब्यात आल्यानंतरची मार्लिन १८९४ घ्या. तिचा पीळ २० इंचांत एक फेरा आहे. तेच गणित १.३९ इंच सांगतं. म्हणजे एकाच नावाच्या, दिसायला सारख्या दोन रायफली, आणि जड गोळीच्या बाबतीत दोघींचं वागणं अगदी वेगळं. कुणी सांगितलं की ‘मार्लिनमध्ये ३०० ग्रेन मस्त लागते,’ तर कुठली मार्लिन हे आधी विचारायला हवं.

हा अंदाज कच्चा आहे. वेग वाढला की फिरकीही वाढते, त्यामुळे काठावरची गोळी जोरदार लोडमध्ये चालते आणि हलक्या लोडमध्ये डगमगते. लक्ष्यावरचं भोक गोल न उमटता लांबट उमटलं, तर गोळी आडवी होत चालली आहे हे नक्की. अशा वेळी दारू बदलत बसण्यापेक्षा आखूड गोळी घ्यावी. .३५७ मध्ये मार्लिनचा पीळ १६ इंचांत एक आहे, तिथे नेहमीच्या गोळ्यांना ही अडचण येत नाही.

मॅगझिनच्या नळीची शिस्त

लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये काडतुसं नळीखालच्या नळीत एकामागे एक बसतात. मागच्याचं नाक पुढच्याच्या प्रायमरला टेकलेलं असतं. टोकदार कडक नाकाची गोळी धक्क्याने तो प्रायमर उडवू शकते, म्हणून इथे चपट्या नाकाच्याच गोळ्या वापरतात. हॉर्नडीच्या मऊ रबरी टोकाच्या गोळ्या याला अपवाद आहेत. त्या भरताना मात्र .३५७ आणि .४४ च्या पुंगळ्या कंपनीने सांगितल्याप्रमाणे नेहमीपेक्षा आखूड कापाव्या लागतात.

लांबीचंही बंधन आहे. .३५७ मॅग्नम काडतुसाची ठरलेली कमाल लांबी १.५९० इंच, .४४ मॅग्नमची १.६१० इंच. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये थोडं लांब काडतूस चालून जातं, तिथे जागा असते. रायफलीतला काडतूस वर उचलणारा भाग मात्र हट्टी असतो. लांब नाकाच्या सेमी-वॉडकटर (चपट्या टोकाच्या, खांद्याशी पायरी असलेल्या) गोळ्या .३५७ च्या पुंगळीत नेहमीच्या खाचेवर क्रिंप केल्या की कित्येकदा या मर्यादेबाहेर जातात. १८७३ पद्धतीची रायफल तर याबाबत फार चोखंदळ. तिथे लांब काडतूस उचलणाऱ्या ठोकळ्यात मावतच नाही. म्हणून पन्नास काडतुसं भरण्याआधी प्रायमर आणि दारू न घालता दोन-तीन नमुने करावेत आणि ते लिव्हरने आत-बाहेर करून पाहावेत.

क्रिंपचं काम रायफलीत आणि रिव्हॉल्व्हरमध्ये चक्क उलट असतं. रिव्हॉल्व्हरच्या झटक्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकू पाहतात. मॅगझिनच्या नळीत स्प्रिंगचा दाब आणि झटका मिळून गोळीला मागे, पुंगळीच्या आत ढकलतात. गोळी आत घुसली की दारूसाठी जागा कमी होते आणि दाब वाढतो. ही सुरक्षेची बाब आहेच, पण नेमाचीही आहे. क्रिंप कमी-जास्त असेल तर प्रत्येक गोळी वेगळ्या जोराने सुटते. क्रिंप एकसारखा हवा तर पुंगळ्या एकसारख्या लांबीच्या हव्यात, कारण कड आवळणाऱ्या साच्याला, म्हणजे डायला, फक्त उंची कळते. लांब पुंगळी जास्त आवळली जाते, आखूड कमी. सरळ पुंगळ्या कापायचा लोक कंटाळा करतात, पण या रायफलींत त्या कष्टाचं फळ लक्ष्यावर दिसतं. गोळी बसवणं आणि क्रिंप करणं या दोन क्रिया वेगवेगळ्या फेऱ्यांत कराव्यात. दोन्ही एकदम केल्या तर कड वळत असतानाही गोळी खाली जात राहते आणि शिशाची गोळी सोलली जाते.

आता दारू

लांब नळीचा फायदा सगळ्या दारूंना सारखा मिळत नाही. भरभर जळणारी दारू पहिल्या काही इंचांतच संपते. उरलेल्या नळीत गोळीला फारसा जोर मिळत नाही. सावकाश जळणारी दारू गोळीला जास्त अंतर ढकलत राहते. .३५७ मॅग्नमची १५८ ग्रेनची पूर्ण ताकदीची गोळी चार इंची रिव्हॉल्व्हरमधून साधारण १,२५० फूट प्रति सेकंद वेगाने निघते. तीच अठरा इंची रायफलीतून १,७५० ते १,८५० पर्यंत जाते. म्हणजे रिव्हॉल्व्हरसाठी बेतलेली शिशाची गोळी इथे भलत्याच वेगाने पळते. तिला बुडाला तांब्याची टोपी असावी, नाहीतर निदान चांगला लेप असावा, किंवा लोडच हलकं ठेवावं. रिव्हॉल्व्हरच्या वेगाला नीट फुलणारी पोकळ टोकाची शिकारी गोळी रायफलीच्या वेगाला फुटून जाऊ शकते, हेही लक्षात घ्यायला हवं.

सावकाश दारूचं एक पथ्य आहे. हॉजडनची एच-११० घ्या. निर्मात्याने दिलेल्या मापाखाली ती उतरवायची नसते, कारण पुंगळीत मोकळी जागा उरली की ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीत अडकण्याची भीती असते. तिच्यातून ‘हलकं लोड’ काढायचा प्रयत्नच करू नये. हलकं हवं तर भरभर जळणारी दारू घ्या, पण तिथे दुसरं संकट: माप इतकं लहान असतं की मोठ्या पुंगळीत चुकून दोनदा पडलं तरी वरून कळत नाही. शक्य तर पुंगळी अर्ध्याहून जास्त भरणारी दारू निवडावी, म्हणजे दुसऱ्यांदा घातल्यास ती उतू जाईल. आणि गोळ्या बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या फळीवर उभ्या करून टॉर्चच्या उजेडात एकेकीत डोकावावं. चाप ओढल्यावर आवाज दबका आला तर पुढचं काडतूस चढवायचं नाही. रायफल रिकामी करायची आणि तोंडातून दांडा घालून नळी मोकळी आहे का ते पाहायचं.

रायफलीची ताकद हा विषय .४५ कोल्टमध्ये सर्वांत नाजूक होतो. या काडतुसाचा ठरलेला कमाल दाब १४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, .४४ मॅग्नमचा ३६,०००. काही मॅन्युअलमध्ये .४५ कोल्टचे दोन विभाग असतात, त्यातला एक फक्त विशेष भक्कम हत्यारांसाठी. १८७३ पद्धतीच्या रायफलीत दोन सांध्यांची जोडणी बोल्टला मागून धरून ठेवते. ती त्या विभागासाठी नाही. ब्राउनिंगने आखलेली १८९२ पद्धत बरीच मजबूत आहे, तरीही तुमच्या रायफलीचा निर्माता काय सांगतो तेच अखेरचं.

.३५७ च्या रायफलीत .३८ स्पेशल चालतं, स्वस्तही पडतं, पण नेमासाठी मला ते पटत नाही. पुंगळी सुमारे ०.१३५ इंच आखूड असते, त्यामुळे गोळीला नळीतल्या खाचा पकडण्याआधी जास्त उडी मारावी लागते. वर चेंबरमध्ये काजळीचं कडं साचतं आणि मग लांब पुंगळी नीट बसत नाही. हलकं लोड .३५७ च्या पुंगळीत भरलेलं चांगलं.

कागदावर पाहणं

मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून थोडं थोडं वर जायचं, प्रत्येक पायरीची काडतुसं वेगळी ठेवायची, हे सगळे सांगतात. निकाल कसा वाचायचा हे फारसं कुणी सांगत नाही.

तीन गोळ्या झाडून सुंदर ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर भोकांचा दाट पुंजका, आला की लोक त्या लोडच्या प्रेमात पडतात. पण गोळ्या जितक्या जास्त, तितका ग्रुप मोठा होत जातो, हा निव्वळ संभाव्यतेचा भाग आहे. त्याच रायफलीतून, त्याच लोडने दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या सरासरी १.६ पट येतो. त्याहून वाईट म्हणजे तीन गोळ्यांचे ग्रुप नुसत्या योगायोगाने लहान-मोठे होतात. एक दुसऱ्याच्या दुप्पट निघाला तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ०.२ ग्रेनच्या फरकाने दीड इंचाचा ग्रुप दोन इंचांचा झाला, असं तीन गोळ्यांवरून म्हणणं म्हणजे नाणं दोनदा उडवून छापा जास्त पडतो असं ठरवणं. दोन-तीन लोड निवडा आणि प्रत्येकाच्या दहा गोळ्या झाडा. बाहेर गेलेली एक गोळी ‘ती माझी चूक’ म्हणून पुसून टाकू नका. झाडण्याच्या क्षणी चूक जाणवली असेल तरच ती वगळा.

शिवाय साइट. कारखान्यातून येणाऱ्या पुढच्या साइटवरच्या मण्याची रुंदी बऱ्याचदा एक-षोडशांश इंच असते. डोळ्यापासून तो तीस इंचांवर धरला तर शंभर यार्डांवर साडेसात इंचांचा भाग झाकतो. मणी एवढं झाकत असताना एक इंचाचा फरक शोधणं कठीण. चाचणी पन्नास यार्डांवर करा, किंवा निदान चाचणीपुरती तरी रिसीव्हरवरची (रायफलीच्या मधल्या धातूच्या सांगाड्यावरची) पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साइट, किंवा दुर्बीण लावा.

मॅगझिनची नळी पट्ट्यांनी मुख्य नळीला बांधलेली असते. ती भरलेली असताना आणि रिकामी असताना नळीवरचा भार बदलतो, आणि नळी तापली की हा बांधलेला संसार थोडा इकडेतिकडे ओढला जातो. त्यामुळे प्रत्येक वेळी सारखीच काडतुसं भरून झाडावं, मध्ये नळी थंड होऊ द्यावी, आणि वाळूच्या पिशवीवर पुढचं लाकूड टेकवावं, नळी कधीच नाही.

हे सगळं करून पीप साइटने शंभर यार्डांवर दहा गोळ्या तीन इंचांत बसल्या तर ती चांगली रायफल आणि चांगलं लोड. ओहायोच्या जंगलात हरणावर सहसा त्याहून जवळून गोळी झाडली जाते.

दर नळीची आवड वेगळी असणं हा काही या जुन्या रायफलींचा दोष नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य जिंकलं, त्या प्रकारातले वरच्या दर्जाचे नेमबाज आपली नळी घेऊन काडतुसं बनवणाऱ्यांच्या चाचणी केंद्रात जातात. तिथे नळी शिकंजात घट्ट धरून एकाच ब्रँडचे वेगवेगळे लॉट, म्हणजे एका वेळी बनलेल्या काडतुसांच्या खेपा, झाडून पाहतात, आणि जो लॉट त्या नळीला मानवतो त्याचाच साठा घेतात. .२२ ची काडतुसं घरी भरता येत नाहीत, म्हणून त्यांना निवडावं लागतं. आपल्याला घडवता येतं.

लॉटची ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे. दारूच्या नव्या डब्यावरचा लॉट क्रमांक आधीच्यापेक्षा वेगळा असेल, किंवा प्रायमरचा ब्रँड, पुंगळ्या, गोळीचा साचा यातलं काहीही बदललं, तर जुनं ठरलेलं माप तसंच पुढे चालवायचं नाही. वहीत लॉट क्रमांक, गोळीचा मोजलेला व्यास, काडतुसाची लांबी आणि दहा गोळ्यांचा ग्रुप लिहून ठेवा. नवा डबा उघडला की सुरुवातीच्या मापाकडे उतरून तिथून पुन्हा वर या.